मांडाची ओल

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत बुरशी उगवली होती आणि डॉ. इर्शाद मुकादम तिच्याकडे बघत आपला चहा गार करत बसले होते. बशीत हिरवट करड्या रंगाची गोल बेटं पसरली होती. चंद्रावर हिरवं म्हणून फारसं काही दिसत नाही, त्यामुळे वाईट असूनही ती डोळ्यांना बरी वाटत होती.

"कुंदाताई, ही मांडातली," ते म्हणाले. "तुमच्या बीजाणूसापळ्याने परवाच्या सभेत पकडलेली. सभा कसली होती?"

"पाण्याची पाळी ठरवायची होती. अर्ध्या तासाचं काम," कुंदा धुरी म्हणाली. "पण मांडात एकदा माणूस बसला की उठतोय कुठे."

कुंदा वरच्या वाडीची श्वासपाल होती. वस्तीतली हवा कुठे किती कोरडी, किती दमट, कुठल्या गाळण्या बदलायच्या, हे बघणं तिचं काम. वीसपेक्षा जास्त माणसं जमणार असतील, तर ती कुठे बसणार हेही तिनेच ठरवायचं, असा नियम होता. बंद नळीत राहणाऱ्या लोकांना हा नियम पाळावाच लागतो. सभेचा विषय काय, याच्याशी श्वासपालाला देणंघेणं नसतं. निदान नियमात तरी तसंच लिहिलेलं होतं.

वरची वाडी म्हणजे चंद्राच्या पोटातली एक लांबलचक लाव्हानळी. तिथले लोक मूळचे कोकणातल्या धामोळ्याचे, चिरेखाणीत चिरे कापणारे. समुद्र वर चढून खाणीत पाणी शिरलं, त्याच सुमारास चंद्रावर घरं कोरायला माणसं हवी होती. खाणमंडळाने विचारलं आणि अख्खं गाव हो म्हणालं. दगड कापणाऱ्याला काय, इथलाही दगडच. वर आल्या आल्या त्यांनी पृथ्वीला 'खालची वाडी' म्हणायला सुरुवात केली, आणि नळीच्या मधोमध गावकीने बसायला एक मोठी खोली बांधली. गावात जमायच्या जागेला ते मांड म्हणत, म्हणून ही खोलीही मांडच झाली. या गोष्टीला आता एकोणीस वर्षं होत आली होती.

"भिंतीच्या मागे बघितलंत?" मुकादमांनी विचारलं.

"बघितलं. कवकविटांच्या पाठीवर दव धरलंय."

कवकवीट म्हणजे भुशात बुरशीचे तंतू वाढवून साच्यात घट्ट केलेली आणि मग भाजून मारलेली वीट. वजनाला हलकी, स्पर्शाला उबदार. पहिल्या वर्षी पृथ्वीवरून सामान आणणं परवडत नव्हतं, तेव्हा मांड या विटांनी बांधला गेला.

"मेलेली बुरशी म्हणजे जिवंत बुरशीला आयतं ताट," मुकादम म्हणाले. "फक्त पाणी हवं."

"पाणी आम्हीच घालतो ना," कुंदा म्हणाली. "माणूस नुसता बसला तरी श्वासातून आणि घामातून तासाला पाव वाटी पाणी हवेत सोडतो. सत्तर माणसं दोन तास बसली की अर्धी बादली झाली. ते जाणार कुठे? विटेमागचा खडक बर्फासारखा गार. तिथेच बसतं. गाळण्या लावल्या, त्या पाहुण्यासारख्या कोपऱ्यात उभ्या असतात. मी तीन वर्षं सांगतेय, मांड बंद करून भिंती काढा. मला म्हणतात, कुंदा, तू मांडात ये आणि बस जरा."

मुकादम हसले. मग हसू आवरून त्यांनी पडद्यावर एका छातीचं चित्र काढलं. कुंदाने ते लगेच ओळखलं. नवऱ्याची छाती तिला चित्रातही ओळखता आली असती, कारण वर्षभर रात्री ती तिचाच आवाज ऐकत होती.

दत्ताराम धुरी वाडीचा गाणारा. तरुणपणी दशावतारात राजे आणि राक्षस दोन्ही करायचा. मांडातली कुठलीही सभा त्याने काहीतरी गायल्याशिवाय सुटत नसे. हल्ली एका ओळीत दोनदा दम लागायचा, आणि लोक तेवढा वेळ खाली बघत थांबायचे.

"त्याच्या फुप्फुसाला या बुरशीची चीड बसली आहे," मुकादम म्हणाले. "चीड आली की सूज येते. सूज उतरली की मागे वण राहतो, आणि वणाची जागा ताणत नाही. त्याच सुजेने सहा वर्षांपूर्वी त्याचं नाक गेलं. आता त्याला भाजलेली मिरचीही कळत नाही. नाकाचं जाऊ द्या. तारवाचं विचारायला आलात ना?"

कुंदाने मान डोलावली. मंडळाचं तारू, माणसं परत न्यायला आलेलं अंतराळयान, नळीच्या तोंडाशी येऊन उभं होतं. खाणीचा करार संपत आला होता. आता वाडीने बहुमताने सांगायचं होतं, राहायचं की परतायचं. परतायचं तर सगळ्यांनी, कारण अर्ध्या माणसांत वस्ती चालत नाही. राहायचं तर तारू इथेच मोडून त्याच्या पत्र्यांची नवी घरं करायची. खाली कोकणात, समुद्रापासून उंच सड्यावर धामोळेकरांसाठी घरं बांधून तयार होती. मधला रस्ता नव्हता.

"खाली गेला तर वजन सहापट," मुकादम म्हणाले. "ही छाती तेवढं वजन उचलून श्वास घेणार नाही. उतरताना नाही तर नंतरच्या महिन्याभरात. इथे राहिला आणि मांडापासून लांब राहिला, तर वीस वर्षं काढील."

"हे त्याला सांगितलंत?"

"सांगितलं. ऐकून घेतलं आणि मला विचारलं, डॉक्टर, तुमचा चहा गार का होतो नेहमी."

 कुंदाने मनात आलेलं सरळ बोलून टाकलं. मुकादमांपाशी आडपडदा ठेवायची तिला सवय नव्हती.

"सभा मांडात घेतली तर लोक राहायचं म्हणतील. कोरड्या जागेत घेतली तर जायचं म्हणतील."

"कशावरून?"

"एकोणीस वर्षं कोण कुठे बसणार ते मी ठरवते. शाळेच्या पत्र्याच्या खोलीत बसवलं की साधी पाण्याची पाळी ठरत नाही. घसे सुकतात, एकमेकांवर धावून जातात, शेवटी कोणीतरी म्हणतोच की आपण कशाला आलो इथे मरायला. तीच माणसं मांडात बसली की मऊ होतात. दिव्यांभोवती धुकं धरतं, आवाज उतरतात. श्रावणात घराला ओल धरायची ना, तो वास येतो. गावी असल्यासारखं वाटतं. मग जायची घाई कोणाला राहील?"

मुकादमांनी बशीवरचं झाकण किंचित उचललं आणि दोघांनी वास घेतला. कुबट, गोडसर, थोडा मातीचा. 

"नाकाची वाट मेंदूत थेट आठवणींच्या खोलीत जाते," मुकादम म्हणाले. "डोळ्यांना, कानांना दारात थांबावं लागतं. वास मात्र घरच्यासारखा आत शिरतो. तुमचं निरीक्षण खोटं म्हणणार नाही मी. पण आठवणीची एक खोड आहे. ती बाहेर काढली की जशीच्या तशी परत ठेवली जात नाही. प्रत्येक वेळी नव्याने लावली जाते, आणि काढली त्या जागेतलं थोडं काही तिच्यात मिसळतं. विरजणासारखं आहे. आईने दिलेल्या विरजणाचं दही रोज कालच्या दह्यावर लावायचं. एकोणीस वर्षांनी ते आईचंच का?"

"दहीच असतं ना," कुंदा म्हणाली.

"दहीच असतं," त्यांनी कबूल केलं. "मांडाला परवानगी मात्र देऊ नका. आणखी आठजणांना खोकला आहे."

कुंदाला ते माहीत होतं. मांडाला हो म्हणावं तर लोकांच्या छातीत बुरशी जाणार. शाळेला हो म्हणावं तर दत्ताराम जाणार. ती घरी परतताना रस्त्यात दोनदा उभी राहिली.

शाळेचा प्रश्न तात्या गावकरांनी परस्पर निकालात काढला. तात्या वाडीचे मानकरी. शाळेत सगळे मावणार नाहीत, दोन वेळा बसवावं लागेल, असं कुंदाने सांगितल्यावर त्यांनी तिच्याकडे दयेने बघितलं.

"गावाची सभा दोन पंगतीत जाता काय गो? ता काय वनभोजन आसा?"

"तात्या, मांडात बुरशी आसा. माणसा आजारी पडतत."

"मगे सुकव मांड."

"माणसा आत-बाहेर करतत तोपर्यंत कसो सुकतलो? श्वास घेवचो बंद करा सगळ्यांनी."

 हे ऐकून तात्यांचे डोळे हळूहळू बारीक होत गेले. मग ते म्हणाले, "गावपळण."

धामोळ्यात ही रीत होती. काही वर्षांनी एकदा, देवाचा कौल घेऊन, अख्खं गाव घरं सोडून वेशीबाहेर जायचं. गुरं, कोंबड्या, तान्ही मुलं, सगळ्यांसकट. तीन दिवस गावात माणसाचा श्वास पडायचा नाही. वेशीबाहेर झाप्या बांधून लोक राहायचे, रात्री भजनं, दशावतार, आणि मग पुन्हा कौल घेऊन परतायचे. देव गावात फिरतो तेवढे दिवस, असं म्हणायचे. कुंदाला लहानपणी ते खरं वाटायचं. श्वासपाल झाल्यावर तिला वाटू लागलं, की घरांना काही वर्षांतून तेवढीच कोरडी झोप मिळत असावी. वर आल्यापासून गावपळण झाली नव्हती, कारण वेशीबाहेर हवा नव्हती.

"तारवात सगळी मावतत," तात्या म्हणाले. "तीन दिवस थय ऱ्हावया. मांड सुकतलो. मगे येवन सभा मांडात."

कुंदाला इतका सोपा मार्ग सुचला नव्हता याची लाज वाटली आणि आनंदही झाला. तीन दिवसांत भिंती सुकतील, बुरशी थंडावेल, आणि विटांत मुरलेला वास एवढ्यात थोडाच जाणार. लोकांच्या छातीला धोका नाही आणि दत्तारामलाही नाही. तिने त्या क्षणी देवाला नमस्कार केला, तोही कुठल्या दिशेला करावा हे न कळून छताकडे बघत.

कौल लावला गेला. देवाच्या दगडावर पाण्याने चिकटवलेल्या दोन पाकळ्या, उजवी आधी पडली तर हो. चंद्रावर पाकळी सुटली तरी जमिनीवर यायला वेळ घेते, त्यामुळे उजवी पाकळी तरंगत खाली येईपर्यंत सगळी वाडी मान तिरकी करून उभी राहिली. मग लोक गाठोडी बांधायला धावले.

तारवातले ते तीन दिवस कुंदाला पुढे नेहमी झोपेत घडल्यासारखे आठवत. तारू आतून पांढरं होतं आणि त्याला कसलाच वास नव्हता. हवा इतकी कोरडी की केस विंचरताना ठिणग्या उडत. आत घरांपेक्षा मोकळी जागा, त्यामुळे मुलं भिंतीवरून भिंतीवर सावकाश उड्या मारत. लोक पथाऱ्या टाकून जवळ जवळ झोपत. खिडकीतून अर्धी पृथ्वी दिसे, निळी, कडेला ढगांची साय धरलेली. दत्ताराम खिडकीपाशी बसून गायचा. या हवेत त्याचा दम पुरत होता. दुसऱ्या रात्री त्याने एक अख्खं पद न थांबता म्हटलं, तेव्हा कुंदाने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं आणि पोटभर रडून घेतलं.

सकाळी ती प्रत्येकाच्या पथारीपाशी जाऊन खोकला विचारायची. खोकला कमी होता. पण लोक नीट झोपत नव्हते.

"नाक सुकला माझा," शेवंती मेस्त्रीण म्हणाली. "आणि सपान काय पडता सांगू? ओलीचो वास येता नुसतो. जाग इली की जीव कासावीस होता."

तिच्या शेजारच्याने मान हलवली. त्यालाही तेच. पलीकडच्या म्हाताऱ्यालाही. कुंदा प्रत्येकाचं ऐकत पुढे गेली. वासाचा आधार तुटताच सगळ्यांना गाव आठवत होतं. खिडकीत पृथ्वी टांगलेली होतीच. सभा इथे झाली तर एकही हात राहण्यासाठी वर येणार नाही, असं तिला वाटलं. बरं झालं, ती मांडात होणार होती.

मांडात तिने मोजणी यंत्रं ठेवली होती. त्यांचे आकडे तारवात दिसत. आर्द्रता उतरत गेली. गंधमापकही उतरत गेला आणि तिसऱ्या सकाळी शून्यावर आला. इतका लवकर वास जाईल असं तिला वाटलं नव्हतं. तरी सत्तर माणसं बसली की भिंतींना पुन्हा ओल सुटेल, थोडा वास येईलच, असं तिने स्वतःला सांगितलं. बाहेर तात्या परतीच्या कौलासाठी पाकळ्या भिजवत बसले होते. लोकांनी गाठोडी पुन्हा बांधली होती.

मग तिने बीजाणूसापळ्याचा आकडा बघितला आणि यंत्र बिघडलं असं समजून पुन्हा बघितला. पहिल्या दोन दिवसांत तो जवळपास स्थिर होता. तिसऱ्या दिवशी तो कड्यासारखा वर गेला होता.

मुकादम तिच्या खांद्यावरून वाकून बघत राहिले.

"अरे देवा," ते हळूच म्हणाले. "वास ओल्या बुरशीचा असतो. सुकायला लागली की ती वास सोडायचं थांबवते आणि बीजाणू सोडते. आपण मरतोय असं तिला कळतं, म्हणून पोरंबाळं बाहेर पाठवते. वास गेला म्हणजे ती गेली असं नाही. ती हवेत आली."

"खाली असं होत नव्हतं," कुंदा म्हणाली.

"खाली दारं-खिडक्या होत्या. वारा होता. गावपळणीला माणसं गाव सोडायची, पण वारा घरांतून फिरत राहायचा. आपण नळीचं तोंड बंद करून आलो. आता मांडात पाऊल टाकणं म्हणजे बुरशीच्या ढगात बसणं. दत्ताराम तर दारातच आडवा होईल."

दत्तारामला तारवातच थांबवता येईल, हा विचार कुंदाच्या मनात आला, आणि तो लगेच गेला नाही. आकडे फक्त त्या दोघांनी बघितले होते. नवऱ्याला काहीतरी सांगून इथे ठेवायचं, बाकीच्यांना मांडात बसवायचं, तासाभरात भिंती ओलावतील, वास येईल, हात वर होतील. लोक महिनाभर खोकतील. पण ते इथे राहतील आणि तो जगेल.  मुकादम तिच्याकडे बघत नव्हते, हे तिला आवडलं.

समोर शेवंतीचं धाकटं पोर कोणाच्या तरी गाठोड्यावर झोपलं होतं. तोंड उघडं, श्वास सावकाश. एकोणीस वर्षं कुंदाने याच एका गोष्टीवर लक्ष ठेवलं होतं.

ती उठली आणि तात्यांच्या हातातल्या पाकळ्या काढून घेतल्या.

"कौल नको, तात्यानु. मांडात कोणी जावचा नाय." मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. बुरशीचं सांगितलं. मांडाच्या भिंती पाडाव्या लागतील, विटा बाहेर पोकळीत टाकाव्या लागतील, आणि तो वास पुन्हा येणार नाही, हेही सांगितलं. "सभेक ही जागा बरी आसा. श्वासपाल म्हणान सांगतंय. सभा हयच घ्या."

 मग सगळे होते तिथेच खाली बसले. कुंदा दत्तारामच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने त्याचा हात धरला. तिला वाटलं, आपण आत्ता याचं मरण मंजूर केलं.

तात्यांनी घसा खाकरला. "ज्यांका खाली जावचा आसा, तेंनी हात वर करा."

कुंदाने डोळे मिटून घेतले. तिच्या हातातला हात सुटला. तिने डोळे उघडले तेव्हा दत्तारामचा हात वर होता. तिने सगळीकडे बघितलं. पांढऱ्या भिंतींमध्ये, एवढ्या माणसांत, तो एकच हात वर होता.

"आणि ज्यांका हय ऱ्हवचा आसा?"

बाकी सगळे हात वर गेले. कमी वजनामुळे काहीजण बसल्या जागेवरून थोडे वर उचलले गेले. कुंदाचा हातही वर होता, तो तिने कधी उचलला तिला कळलं नाही.

"शेवंती," तिने न राहवून विचारलं, "तुका तर सपनात ओलीचो वास येय होतो. घराची ओढच ना ती?"

"होय मगे," शेवंती म्हणाली. "मांडाचोच येय होतो. कोणाचो येतलो? कोपऱ्यात तू गाळणी पुसतस, तुझो घोव गाता, आमी सगळी टेकान बसलंव. तीन रात्री ताच. ह्या पत्र्यात आणखी चार दिस ऱ्हवलंय तर येडी होयन."

"वास जाणार आसा म्हणता कुंदा," तात्या म्हणाले. "जावंदे. आमी बसलंव की परत येतलो. आमचोच तर श्वास तो."

लोक हसले. मुकादम मात्र हसले नाहीत. ते कुंदाजवळ आले आणि हलकेच म्हणाले, "विरजण." तिला अजून सगळं उमगलं नव्हतं. दत्ताराम वाचला, एवढं मात्र कळलं होतं.

दुपारी लोक पत्रे मोडायच्या गप्पांत रंगले, तेव्हा ती खिडकीपाशी दत्तारामजवळ गेली.

"हात कित्याक वर केलंस?" तिने विचारलं. "डॉक्टरांनी सांगलेला ना तुका?"

"सांगलेला."

"थय मेलो असतंस."

"मेलो असतंय," तो म्हणाला. रागाने नाही, दुःखानेही नाही. "पण एकदा घरात जावन मेलो असतंय. तुमका कोणाक कशी आठवण येणा नाय, ह्याचाच माका नवल वाटता. माका रोज येता." तो तिच्याकडे वळला. "कुंदा, माझा नाक गेला. श्रावणात आमच्या घराक ओल धरायची, तो वास कसो होतो गो? तू सांग. तुका येता."

कुंदाने डोळे मिटले. तिला तो वास लगेच सापडला. तो नेहमीच हाताशी असायचा.

"गोडसर," ती म्हणाली. "भिंत गार, आणि तिका भिजल्या भुशाचो वास. मगे खूप माणसा बसलेली, तेंच्या श्वासाचो ऊन ऊन वास. कोणाच्या तरी चायचो. आणि गरम झालेल्या रबराचो, थोडोसो..."

"रबराचो?"

"रबराचोच. बाहेरसून इलेल्या पोशाखांचो."

दत्ताराम तिच्याकडे बघत राहिला.

"आमच्या घरात रबर खयचा गो?" तो म्हणाला.

 कुंदाने पुन्हा आत बघितलं. आईचं घर, मागची पडवी, चूल, हे सगळं तिला शब्दांत माहीत होतं. पण वासाला हाक मारली की मांडच येत होता, दिव्यांभोवती धुकं धरलेला, कोपऱ्यात गाळणी असलेला. एकोणीस वर्षं ती मांडात बसून गाव आठवत होती, आणि दर वेळी थोडा थोडा मांड घेऊन परतत होती. सगळेच घेऊन परतत होते. फक्त सहा वर्षांपूर्वी ज्याचं नाक गेलं, त्याच्या आठवणीवर नवं काही लागलं नव्हतं. वाडीत जुनं घर आता त्याच्या एकट्याकडे उरलं होतं, आणि तो जगावा म्हणून ती मनातून ज्याची प्रार्थना करत होती, त्याच निर्णयाने त्याला तिथे जायला बंदी झाली होती.

तिला फार वाईट वाटलं आणि ती त्याला तसं म्हणाली.

"असू दे," तो म्हणाला. "ऐक मगे. सांगतंय."

त्याने सांगायला घेतलं. चुलीत ओली लाकडं धरत नाहीत, त्यांचा डोळ्यांना झोंबणारा धूर. चुलीवरच्या दांडीवर न सुकणारे कपडे, त्यांना त्या धुराचा आणि अंगाचा मिळून येणारा वास. माळ्यावर मऊ पडलेली सुकी कोलंबी, सुंगटं. नारळाच्या सोडणांच्या ढिगाखालचा काळा ओलावा. सारवलेली जमीन, तिच्यावर पहाटे मांजर बसून उठलं की उरणारी ऊब. तो सावकाश, एकेक वस्तू हातात घेऊन दाखवल्यासारखं सांगत होता. कुंदाला त्यातलं काहीच ओळखू येत नव्हतं. कोणीतरी दुसऱ्याच्या गावाचं वर्णन करत असावं तसं ती ऐकत होती, आणि तरी तिला ते सगळं हवं होतं. तारवात कसलाही वास नव्हता. मिसळायला इथे काही नव्हतं.

"आणखी सांग," ती म्हणाली.

"आज पुरे," दत्ताराम म्हणाला. "रोज आठवण काढूक नको. झिजात."

पुढच्या महिन्यांत तारू मोडलं गेलं. त्याच्या पत्र्यांनी मांडाला नव्या कोरड्या भिंती झाल्या, आणि लोक तिथे बसून कुरकुरू लागले, की पूर्वीसारखं वाटत नाही. तारवातली खिडकीची एक खोली मात्र कुंदाने मोडू दिली नाही. तात्यांनी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, सभेला जागा हवी. किती माणसांची सभा, असं त्यांनी विचारलं. दोन, ती म्हणाली. वर्षातून एकदा, श्रावणात. तिथली हवा तिने स्वतः तपासली होती, तिला कसलाही वास नव्हता.